वाडग्याचा हिशेब

माझ्या नेहमीच्या व्हिएतनामी खानावळीच्या मेनूकार्डावर किमतींच्या रकान्यात पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. आधीच्या चिठ्ठीवर नंतरची, तिच्यावर आणखी एक. काही पदार्थांपुढे तो थर बोटाला लागतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फोचा, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचा, मोठा वाडगा सात डॉलरच्या आत मिळायचा. आता तो सोळाच्या घरात गेला आहे. नवी चिठ्ठी चिकटली की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी हळहळतं, "तेही महाग झालं. आता काय राहिलं!" हळहळणारे सगळे चांगले कमावते आहेत. डाउनटाउनमधल्या इटालियन ठिकाणी मैदा, टोमॅटो आणि चीज यांच्या एका बशीला अठ्ठावीस डॉलर मोजताना यांच्यापैकी कुणी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. तिथे किंमत वाढली की ते ठिकाण 'चांगलं' होतं, इथे वाढली की 'पूर्वीसारखं राहिलं नाही'.

हा कुठला न्याय, हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतो आहे, आणि तो या एका दुकानातच बसून सुचलेला आहे.

दुकान कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पूर्व भागात, टली रोडच्या बाजूला. नाव सांगत नाही. त्यांना गर्दी परवडत नाही. मधोमध गाड्या लावायची जागा आणि तिच्या तीन बाजूंनी एकमजली दुकानांची रांग, तसलाच तो भाग. शेजारी दाताचे डॉक्टर, सोनार, व्हिएतनामला पैसे आणि पार्सलं पाठवणारं ऑफिस, कर भरून देणारे एक गृहस्थ, आणि अर्थातच नखं रंगवायचं सलून. या सलूनांचीही एक गोष्ट आहे. 1975 मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासितांच्या छावणीत टिपी हेड्रन ही हॉलिवूडची नटी जायची. तिथल्या व्हिएतनामी बायकांना तिच्या नखांचं फार कौतुक वाटलं, म्हणून तिने आपली मॅनिक्युअर करणारी बाईच तिथे आणली आणि वीस जणींना ती कला शिकवली. आज अमेरिकेतल्या नखांच्या धंद्यात व्हिएतनामी बायका एवढ्या संख्येने दिसतात, त्याची एक मुळी त्या छावणीपर्यंत जाते.

दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात लाखाहून अधिक लोक व्हिएतनामी वंशाचे आहेत. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात एवढे नाहीत. स्टोरी रोडवरच्या बाजारपेठेला काय नाव द्यायचं यावरून 2007-08 मध्ये इथे मोठं रण माजलं होतं. नगर परिषदेने भलतंच गुळगुळीत नाव ठरवलं, लोकांना 'लिटल सायगॉन'च हवं होतं; मोर्चे निघाले, उपोषण झालं, शेवटी परिषदेला ठराव मागे घ्यावा लागला. बाहेरच्यांना हा पाटीवरून झालेला पोरकट वाद वाटला होता. मला तो तसा वाटला नाही. ज्या सायगॉन शहराचं नाव, 30 एप्रिल 1975 ला ते कम्युनिस्टांच्या हाती गेल्यानंतर, नकाशावरूनच बदललं, त्याचं नाव निदान एखाद्या रस्त्यावर तरी असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आत शिरलं की दाराशी जमिनीलगत लाल रंगाचा छोटा देव्हारा. त्यात दोन देव: भूमीचे हसरे, ढेरपोटे ओंग दिया आणि धनाचे थान ताय. त्यांच्यापुढे संत्री, पाण्याच्या वाट्या, आणि सकाळी लवकर गेलात तर काळ्या कॉफीचा एक पेला. देवालाही उठल्याबरोबर कॉफी लागते हे मला पहिल्या भेटीतच आवडलं. भिंतीवर दक्षिण व्हिएतनामचा पिवळा झेंडा, तीन लाल पट्ट्यांचा. टेबलावर एका डब्यात चमचे आणि चॉपस्टिक्स, शेजारी होइसिन हा गोडसर घट्ट सॉस, फिश सॉस आणि कोंबड्याच्या चित्राची, श्रीराचा या लाल मिरचीच्या सॉसची बाटली. ही बाटली इथलीच निपज आहे. डेव्हिड ट्रॅन 1980 मध्ये लॉस एंजेलिसला आले आणि ज्या जहाजातून व्हिएतनाम सोडलं त्याचंच नाव त्यांनी कंपनीला दिलं: ह्वी फाँग. 2022 मध्ये मिरचीचं पीक बुडालं आणि बाटल्या टेबलांवरून गायब झाल्या, तेव्हा लोकांनी असा गहजब केला की जणू मीठच संपलं. दुकानातली म्हातारी मंडळी मात्र निवांत होती. त्यांना ताजी मिरची पुरते.

बसलं की न मागता चहाची किटली येते. ऑर्डर आकड्यांत द्यायची. आकडा सांगितल्यापासून पाचेक मिनिटांत वाडगा समोर. या वेगावरून आमच्यातला एक जण म्हणाला होता, "यात करायचं तरी काय असतं? नूडल्स, वर पाणी." त्याला मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते.

पाच मिनिटांत येणाऱ्या त्या वाडग्याची सुरुवात आदल्या दिवशी दुपारी होते. हाडं आधी एकदा उकळून ते सगळं पाणी फेकून द्यायचं, हाडं घासूनपुसून धुवायची आणि मग स्वच्छ पाण्यात पुन्हा चढवायची. ही पायरी गाळली तर रस्सा गढूळ होतो, आणि गढूळ फो म्हणजे बेअब्रू. कांदे आणि आलं सालीसकट थेट आचेवर काळं पडेपर्यंत भाजायचं, मग साल खरवडून आत टाकायचं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे आणि मसाला वेलची कोरडी भाजून पुरचुंडीत बांधायची; ती पूर्ण वेळ ठेवायची नाही, ठरावीक वेळाने बाहेर काढायची, नाहीतर चक्रीफूल सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. खडीसाखर, फिश सॉस. आणि मग रात्रभर आच इतकी मंद की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा. खळखळून उकळी फुटली की चरबी रश्श्यात मिसळते, आणि मग तो पुन्हा नितळ होत नाही. म्हणजे रात्री कुणीतरी उठून बघायला हवं. कुणीतरी म्हणजे को.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे 'को' म्हणतात, म्हणजे आत्या. मीही तेच म्हणते. मुळात त्या स्वयंपाकिणीच नव्हेत. सायगॉनमध्ये शाळेत गणित शिकवायच्या. नवरा दक्षिणेच्या सैन्यात होता, युद्ध संपल्यावर त्याला 'पुनर्शिक्षणा'च्या छावणीत टाकलं. अशा माजी कैद्यांना कुटुंबासकट अमेरिकेत यायची वाट एका कराराने मोकळी झाली, तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, हे इथे पोहोचले. नवरा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सर्किट बोर्ड जोडायच्या लायनीवर लागला. सिलिकॉन व्हॅलीचं कौतुक लिहिताना गॅरेजमधल्या दोन तरुणांची गोष्ट सांगतात. त्या गॅरेजमधून निघालेली यंत्रं प्रत्यक्षात जोडणारे हात मोठ्या प्रमाणात असे निर्वासितांचे होते, हे सांगायचं राहून जातं. को एका नातेवाइकाच्या खानावळीत भांडी घासायला लागल्या, तिथे रस्सा शिकल्या, आणि पुढे हे दुकान विकत घेतलं.

फोच्या इतिहासातही असाच स्थलांतराचा हात आहे. हा पदार्थ मूळचा उत्तरेचा, हनोई आणि नाम दिन्हकडचा, साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. फ्रेंचांच्या राजवटीत गोमांसाचा खप वाढला आणि साहेबाने न घेतलेली हाडं, कुर्चा, पोटाचे भाग स्वस्तात मिळू लागले. त्यातून गरिबाचा सकाळचा वाडगा तयार झाला. 1954 मध्ये देश दुभंगला तेव्हा उत्तरेतून दहा लाखांच्या आसपास लोक दक्षिणेत गेले आणि फो त्यांच्याबरोबर गेला. तिथे त्याला मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, होइसिन असा सगळा सुकाळ भेटला. उत्तरेकडचे कट्टर लोक आजही त्या पाल्याकडे नाक मुरडतात. 1975 नंतर दक्षिणेकडचाच फो जगभर गेला. दुकानांच्या नावांत 54, 75, 79 असे आकडे दिसतात ते बहुतेकदा साल असतं: कुणी गाव कधी सोडलं, कुणी दुकान कधी काढलं. सायगॉनमधल्या 'फो बिन्ह' या दुकानाच्या माडीवर तर 1968 मध्ये कम्युनिस्टांनी तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, वेळी केलेल्या हल्ल्याची सायगॉनपुरती आखणी झाली होती, आणि खाली अमेरिकन सैनिक निवांत फो ओरपत असत. ही गोष्ट मी एकदा कोंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. त्या दुकानाचा रस्सा बरा होता म्हणतात." आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या.

मी गोमांस खात नाही, म्हणून माझा आकडा कोंबडीच्या फोचा. कोंबडीचा फो म्हणजे तडजोड, असं काही जण समजतात. 1939 च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकायला बंदी होती आणि त्या दिवसांसाठी तो निघाला, अशी हकीकत सांगतात. म्हणजे जन्म तडजोडीतलाच. पण चांगल्या हातचा असेल तर तो जास्त अवघड. मसाले कमी, त्यामुळे लपायला जागा नाही. कोंच्या दुकानात त्यात लिंबाच्या पानांची केसाएवढी बारीक चिर असते, आणि मागितलंत तर वेगळ्या वाटीत वरवरची चरबी, तिच्यात बुडवलेला पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. मेनूवर हे कुठेही लिहिलेलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना मागताना ऐकलं आणि मीही मागू लागले.

आमच्यातल्या शाकाहारी लोकांचं काय, हा प्रश्न नेहमीचा. फिश सॉस सगळीकडे असतो, तेव्हा 'मीट नको' म्हणून भागत नाही. 'चाय', म्हणजे शाकाहारी, असं म्हणावं लागतं. बौद्ध घरांतून अमावास्या-पौर्णिमेला सामिष खात नाहीत, म्हणून त्या दिवशी कोंच्या दुकानात शाकाहारी रस्सा हमखास असायचा: भाजलेला मुळा, गाजर, कांदा, वाळवलेले मश्रूम. माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई इथे आल्या होत्या, कडक शाकाहारी, जेवणाबाबत संशयी. त्यांना पौर्णिमेला नेलं. दुकानात अर्ध्या टेबलांवर तोच वाडगा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "यांच्यातही पाळतात की!" म्हणाल्या, आणि सगळा वाडगा संपवला.

आता पैशांकडे येते.

इतकी वर्षं हा वाडगा स्वस्त कसा राहिला? कोंनी कुठली जादू केलेली नाही. तीन गोष्टींचे पैसे त्यात कधी धरलेच नव्हते. पहिली गोष्ट, हाडं. कोंनी दुकान घेतलं तेव्हा खाटीक ती जवळजवळ फुकट द्यायचा, कारण बाकी कुणाला नको होती. मग 2014-15 च्या सुमारास अमेरिकेला 'बोन ब्रॉथ'चा शोध लागला. व्यायामशाळेतून येणारे लोक कागदी पेल्यातून हाडांचा रस्सा पिऊ लागले आणि पेल्याला आठ-नऊ डॉलर देऊ लागले. हाडांना भाव आला. शेपटीचं मांस तर आता स्टेकच्या पंक्तीत बसतं. त्यातच अमेरिकेतली गुरांची संख्या 1951 नंतरच्या नीचांकाला आली आहे, म्हणजे मांस महागच राहणार. गरिबाने टाकाऊ वस्तूला चव आणायची, मग श्रीमंताला ती चव कळायची, आणि मग गरिबाला ती वस्तू परवडायची नाही, हा क्रम मला फार जुना वाटतो.

कणीचंही तसंच. दुकानात 'कॉम ताम' मिळतो. गिरणीत तांदूळ सडताना तुटलेली कणी पूर्वी कोंबड्यांना नाहीतर गरिबाला जायची. सायगॉनने त्या कणीच्या भातावर गवती चहात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, वाफवलेली अंड्याची वडी आणि पातीच्या कांद्याचं तेल घातलं, आणि ती सबंध शहराची न्याहारी झाली. आता कणी मुद्दाम वेगळी पोत्यांत भरून विकतात. कित्येकदा अख्ख्या तांदळाहून महाग.

दुसरी न धरलेली गोष्ट, जागेचं भाडं. ते पूर्वी या भागात कमी होतं, कारण इथे कुणाला यायचं नव्हतं. आता सगळ्यांना यायचं आहे.

आणि तिसरी, माणसं. नवरा कारखान्यातून सुटला की संध्याकाळी गल्ल्यावर. मुलगी आणि मुलगा शाळेतून थेट दुकानात. मागच्या टेबलावर एका बाजूला गृहपाठ, दुसऱ्या बाजूला पाला निवडायच्या टोपल्या. कोंची बहीण आत. यातल्या कुणाला तासावर पगार नव्हता. को स्वतः आठवड्याचे सातही दिवस. दुकान बंद असायचं ते फक्त तेतला, त्यांच्या नववर्षाला. स्वस्त वाडगा, स्वस्त वाडगा म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करत होतो, तो या कुटुंबाच्या न मोजलेल्या तासांवर उभा होता. मुलगी फार्मसिस्ट झाली, मुलगा सिॲटलला सॉफ्टवेअरमध्ये. दोघांनी दुकान घ्यावं असं कोंना कधी वाटलं नाही. "त्यांनी घ्यावं म्हणून नाही, घ्यावं लागू नये म्हणून काढलं," असं त्या एकदा हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या होत्या.

मुलं गेली, बहीण थकली, तेव्हा पगारी माणसं आली. सॅन होजेत किमान वेतन 2013 मध्ये तासाला 10 डॉलर झालं, 2025 मध्ये ते 17.95 वर गेलं. कॅलिफोर्नियात टिप पगारात धरून पगार कमी देता येत नाही, आणि देता येऊही नये. म्हणजे आपण टिप ठेवली म्हणून मालकाचा भार हलका होत नाही. आता दुसऱ्याच्या घामाला पहिल्यांदाच रीतसर किंमत लागली, तर ती कुठेतरी दिसणारच. ती मेनूकार्डावर चिठ्ठी होऊन दिसली. व्हॉट्सॲपवर ज्याला महागाई म्हणतात, तिच्यातला बराच भाग हा आहे. किमान वेतन वाढावं म्हणून मत देणारे आणि वाडगा सातचाच राहावा म्हणणारे लोक आमच्यात एकच आहेत, याची मला गंमत वाटते. थोडा रागही येतो.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा वाटलं होतं, संपलं. फो हा नेऊन खायचा पदार्थच नाही. नूडल्स रश्श्यात दहा मिनिटं राहिल्या की फुगून लगदा होतो. कोंनी रस्सा एका डब्यात, नूडल्स दुसऱ्यात, पाला पिशवीत असं बांधून द्यायला सुरुवात केली, आणि झाकणावर पेनने लिहायच्या: 'उकळा. मग ओता.' खाली दोन रेघा. आमच्या मजल्यावरच्या एकाने सगळं एकत्र करून मायक्रोवेव्हमध्ये घातलं. त्याला काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

त्या काळात स्वयंपाकघर ज्याने सांभाळलं तो मेक्सिकोचा, वाहाकाचा माणूस. कॅलिफोर्नियातल्या आशियाई खानावळींच्या आत डोकावलंत तर असे कितीतरी दिसतील. तो भांडी घासायला आला होता, कोंसारखाच. मग पाला, मग मांस कापणं, मग रात्रीची आच. स्वयंपाकघरापुरतं व्हिएतनामी तो इतकं सफाईने बोलतो की म्हाताऱ्यांनी मेनूवर नसलेली ती पातीच्या कांद्याची वाटी मागितली तर कोंपर्यंत निरोप जावा लागत नाही. कोंच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं दुकान विचारून गेली. एकाला बबल टी काढायचा होता. कोंनी दुकान या माणसाला आणि त्याच्या बायकोला दिलं, महिन्याच्या हप्त्यांवर. कागदपत्रं फार्मसिस्ट मुलीने केली.

म्हातारे सुरुवातीला बिथरले. आठवडाभर रोज येऊन रस्सा चाखत, काहीतरी खोट काढायची म्हणून. ती सापडेना, तेव्हा एकाने चहा पातळ झाल्याची तक्रार केली. नव्या मालकाने दोनच बदल केले: वाडग्यामागे दीड डॉलर वाढवला आणि मंगळवारी दुकान बंद ठेवायला लागला.

को आता गिऱ्हाईक म्हणून येतात. गल्ल्याजवळच्या टेबलावर बसतात आणि कधीही फो मागवत नाहीत. कणीचा भात मागवतात. रस्सा आयुष्यभर ढवळला, तो प्यायलाही पाहिजे असं कुणी सांगितलंय, म्हणतात. मागच्या वेळी मी तिथे होते. जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावून बिल दोनदा वाचलं आणि आतल्या खिडकीकडे बघून मोठ्याने व्हिएतनामीत काहीतरी सुनावलं. मला एवढंच कळलं की आकडा फार झाला. खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं. त्यानेही व्हिएतनामीतच उत्तर दिलं, आणि आजूबाजूची टेबलं खदखदून हसली. शेजारच्या आजोबांनी मला सांगितलं: "तो म्हणतो, स्वस्त करतो, मंगळवारी तुम्ही या कामाला."